परग्रहावरचे जीव सापडत नाहीत, की सापडले तरी ठरवता येत नाही?

रेवा_प

'एवढं मोठं विश्व आणि त्यात आपण एकटेच?' ह्यावर इथे पूर्वीही धागे येऊन गेलेत. दर वेळी चर्चा फर्मीपाशी सुरू होते आणि एलियन आपल्याला घाबरतात की आपण त्यांना, इथे जाऊन विझते. १९५० च्या उन्हाळ्यात लॉस अलामॉसला जेवणाच्या टेबलावर भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी 'अहो, पण आहेत कुठे सगळे?' असं काहीसं बोलून गेला आणि त्यावर लोक अजून पोट भरतायत.

मला त्या चर्चेत खटकतं ते हे, की आपण कसून शोधलं आणि हाती काहीच लागलं नाही असं त्यात धरूनच चालतात. वस्तुस्थिती तशी नाही. 'सापडलं की काय!' असं वाटायचे प्रसंग गेल्या पन्नास वर्षांत बरेच आले. घोडं अडलं ते दर वेळी एकाच जागी. समोर आहे ते सजीवाचंच आहे, आणि पृथ्वीवरच्या सजीवाचं नाही, हे दाखवायचं कसं?

ह्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्यांच्यावरच्या लेखांत आयुका ही त्यांनी उभी केलेली पुण्याची खगोल-संस्था, त्यांचे गुरू फ्रेड हॉइल, विज्ञानकथा हे सगळं आलं, यायलाच हवं होतं. फुग्याचा प्रयोग मात्र मी वाचलेल्या लेखांत जेमतेम एखाद्या ओळीत उरकला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हॉइल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे ह्यांचं म्हणणं असं की सूक्ष्मजीव धूमकेतूंच्या धुळीतून पृथ्वीवर येतात, आजही येत असतील. नारळीकरांचं म्हणणं, मग वाद कशाला घालायचा, वर जाऊन बघू. इस्रोच्या मदतीने पहिलं उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झालं, दुसरं २० एप्रिल २००५ ला, दोन्ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) हैदराबादच्या बलून केंद्रावरून. २००५ च्या फुग्याखाली पोलादाची सोळा नळकांडी होती, निर्जंतुक केलेली आणि आतली हवा पूर्ण काढून घेतलेली. ती द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवली होती, म्हणजे उणे २४६ अंशांच्या आसपास. ठरलेल्या उंचीवर झडप उघडली की बाहेरची विरळ हवा आत शिरते आणि थंडीने तिथेच गोठते. आत परत पोकळी, म्हणून आणखी हवा ओढली जाते. पंप नाही, पंखा नाही. २० पासून ४१ किलोमीटरपर्यंत वेगवेगळ्या उंचीवर असे नमुने घेतले आणि नळकांडी हवाई छत्रीने खाली उतरवली. तपासणी दोन ठिकाणी, हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस ह्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत, पद्धत एकच पण एकमेकांपासून स्वतंत्र.

निकाल इस्रोने मार्च २००९ मध्ये जाहीर केला. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. जिवाणूंपैकी नऊ माहीत असलेल्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळले. तीन मात्र नव्या जाती निघाल्या. जॅनिबॅक्टर हॉइलाय, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय अशी त्यांची नावं ठेवली. तिघेही आपल्या जवळच्या भाईबंदांपेक्षा अतिनील किरणांना जास्त दाद न देणारे.

एक्केचाळीस किलोमीटरपर्यंतच्या उंचीवर जिवंत, नव्या जातीचे, अतिनील किरण सोसणारे जीव! सिनेमावाल्यांनी इथेच मध्यांतर केलं असतं. इस्रोने मात्र त्याच पत्रकात लिहिलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं ह्यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पुढच्या कामाला उत्साह मिळतो एवढंच. मला तो निकालाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. जीव सापडले, पत्ता सापडला नाही.

मंगळाचं तसंच. २० जुलै १९७६ ला नासाचं व्हायकिंग-१ यान तिथे उतरलं. त्यातल्या एका प्रयोगात मातीवर पोषक द्रावणाचे थेंब टाकले. द्रावणातल्या कार्बनला किरणोत्सारी खूण होती. मातीत कोणी 'जेवणारं' असेल तर खूण असलेला वायू बाहेर पडेल, असा हिशोब. वायू पडला! तीच माती आधी १६० अंशांना तीन तास तापवली, तर पडला नाही. म्हणजे जे काही होतं ते उष्णतेने मेलं. गिल्बर्ट लेव्हिन ह्यांचा हा प्रयोग. २०२१ मध्ये जाईपर्यंत ते म्हणत राहिले की आम्हाला जीव सापडले होते. पण द्रावण दुसऱ्यांदा टाकल्यावर वायू वाढला नाही, आणि त्याच यानावरच्या दुसऱ्या यंत्राला मंगळाच्या मातीतली म्हणता येतील अशी सेंद्रिय द्रव्यं दिसली नाहीत. २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचा क्षार सापडला. हा तापवला की सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतो, आणि व्हायकिंगचं दुसरं यंत्र तपासणीसाठी माती तापवतच होतं. म्हणजे 'नाही' म्हणणारा साक्षीदारही फुटला. पन्नास वर्षं होत आली, खटला तिथेच आहे.

तर चर्चा ह्यावर हवी आहे: तुम्हाला कोणता पुरावा पटेल?

शेवटचा_बाक

वाचनखूण साठवली. पण ताई, हे जंतूंचं झालं. आम्ही तबकडीतून उतरणाऱ्यांच्या आशेने धागा उघडला होता.

घाटावरचा

लेख छान, पण फर्मीला इतक्या स्वस्तात निकालात काढू नका. आकाशगंगेचा व्यास लाखभर प्रकाशवर्षं. प्रकाशाच्या शंभराव्या हिश्श्याने गेलं तरी एक कोटी वर्षांत ह्या टोकाचं त्या टोकाला. आकाशगंगेचं वय तेराशे कोटी वर्षांच्या घरात. मध्ये थांबत, वस्त्या करत गेलं असं धरा, तरी कुणीतरी एव्हाना इथे यायला हवं होतं. १९७५ मध्ये मायकेल हार्टने हाच मुद्दा मांडला: ते इथे नाहीत, म्हणजे ते नाहीतच. जिवाणूंचे पत्ते राहू द्या बाजूला, ह्याचं उत्तर द्या.

रेवा_प

@घाटावरचा, हिशोब बरोबर आहे, गृहीतक नाही. प्रत्येक संस्कृती पसरतच जाणार आणि कोट्यवधी वर्षं तेच करत राहणार, हे कुणी सांगितलं? आपण स्वतः १९७२ नंतर अर्धं शतक चंद्राच्या जमिनीवर पाय ठेवला नाही.

आणि 'नाहीत' म्हणायला शोध किती घेतला? १९६० मध्ये फ्रँक ड्रेक ह्या खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या २६ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीने टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी हे दोन तारे ऐकले, सगळे मिळून दीडशे तासांच्या आसपास. नासाने स्वतःचा मोठा शोध ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू केला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने त्याचे पैसे बंद केले. नंतरचं बरंचसं काम देणग्यांवर. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या जेसन राइट आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं. दिशा, वारंवारता, वेळ, संदेशाची ताकद असं सगळं धरून जिथे जिथे शोधायला हवं ती जागा म्हणजे पृथ्वीवरचे सगळे महासागर मानले, तर आजवर तपासलं ते साधारण ७,७०० लिटर. एवढ्यात मासा दिसला नाही म्हणून समुद्र निर्जीव ठरवायचा का, तुम्हीच सांगा.

घाटावरचा

ते मासे एक कोटी वर्षांत किनाऱ्यावर का आले नाहीत, हा माझा प्रश्न शिल्लक आहे. असो, चालू द्या.

जुन्नरी

रेडिओचा विषय निघालाच आहे तर आमच्या तालुक्याचं सांगतो. खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण सगळ्यांना ऐकून माहीत असते, पण ती काय ऐकू शकते ह्याचा अंदाज नसतो. ४५ मीटरच्या तीस दुर्बिणी, त्यातल्या चौदा मधे जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा रेडिओ आपल्या घरातल्या बल्बच्या ताकदीचाही नव्हता आणि मंगळ त्या दिवशी सतरा-अठरा कोटी किलोमीटरवर. तो आवाज खोडदला थेट पकडला. उतरण्याच्या बेताला संदेश तुटला, तेही इथे दिसलं. यान आपटलं होतं.

आता अडचण. एवढे तिखट कान असले की गावातलं सगळंच ऐकू येतं. विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या, मोबाइलचे मनोरे, वरून जाणारे उपग्रह. दुर्बीण इथे बांधली ती इथे रेडिओचा गोंगाट कमी म्हणूनच. पण परिसर काही तसाच थांबत नाही, नारायणगावच्या टोमॅटोवाल्यालाही मोबाइलला रेंज लागतेच की. म्हणून हा गोंगाट गाळण्यावर तिथे खास काम चालतं. परग्रहावरचा संदेश आलाच तर आधी 'हा आपल्याच कुणाचा तर नाही ना' हे बघण्यात बराच वेळ जाणार.

पाणवठा

@जुन्नरी +१. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीचा किस्सा ह्याच जातीचा. तिथे १९९८ पासून अधूनमधून क्षणभराचे विचित्र रेडिओ-स्पंद दिसायचे. पेरिटॉन असं झकास नावही पडलं. २०१५ मध्ये कळलं की आवारातल्या मायक्रोवेव्हचं दार, तो बंद व्हायची वाट न बघता कुणी ओढलं, की एक पेरिटॉन जन्माला येतो. शास्त्रज्ञांना जेवणाची घाई, दुसरं काय!

त्याच दुर्बिणीने २०१९ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरीच्या दिशेने, आपल्या अगदी शेजारच्या ताऱ्याकडून, ९८२ मेगाहर्ट्झवर एक संदेश टिपला. दुर्बीण ताऱ्याकडे असताना दिसायचा, बाजूला वळवली की नाही. अगदी पाठ्यपुस्तकातला नमुना. मग जुन्या नोंदी उकरल्यावर त्याच ठेवणीचे संदेश दुसऱ्या वारंवारतांवर दिसले, दुर्बीण भलतीकडे असतानाही. पृथ्वीवरच्याच कुठल्यातरी इलेक्ट्रॉनिक यंत्राचा खेळ. २०२१ मध्ये प्रकरण बंद.

१५ ऑगस्ट १९७७ चा 'वॉव' संदेश तेवढा अजून लोंबकळतोय. ओहायोच्या दुर्बिणीत ७२ सेकंद दिसला, परत कधीच नाही. जो पुन्हा येत नाही त्याची उलटतपासणी कशी करणार?

शंकासुर

म्हणजे काहीही सापडलं तरी 'हे नाही' म्हणायचं आधीच ठरलंय! मंगळावर वायू आला, नाही. संदेश आला, मायक्रोवेव्ह. आपल्या फुग्यात तीन नव्या जाती मिळाल्या, पत्ता नाही. हाच प्रयोग नासाने केला असता तर जगभर डंका वाजला असता. भारतीय शास्त्रज्ञाने केला म्हणून कुणी पुढे नेला नाही, हे लिहा की स्पष्ट.

काळी_माती

@शंकासुर, मी कृषी सूक्ष्मजीवशास्त्रात आहे, त्यामुळे ह्यातल्या एका पात्राशी माझा रोजचा संबंध आहे. बॅसिलस आर्यभट्टाय. फुग्यातून खाली आल्यावर त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, जनुकीय ओळख सगळ्यांना उपलब्ध झाली. मग लोकांना तो जमिनीवर सापडायला लागला. मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत सोयाबीनच्या मुळांभोवती त्याचे वाण मिळालेत. जमिनीत अडकलेलं जस्त पिकाला घेता येईल अशा रूपात मोकळं करायचं काम तो करतो, आणि त्यावर २०१४ मध्ये शोधनिबंधही आहे. इतर देशांतही मातीत आणि मुळांपाशी मिळालाय. काही वर्गीकरणवाले तर त्याला बॅसिलस मेगाटेरियम ह्या जुन्या ओळखीच्या जिवाणूपासून वेगळं मानायलाच तयार नाहीत.

'नवीन जात' म्हणजे 'आपल्याला आधी माहीत नसलेली जात' एवढंच. चिमूटभर शेतमातीत नाव नसलेल्या जाती ढिगाने असतात. त्यामुळे वर नवीन जात मिळाली ह्याचा अर्थ ती वरून आली असा होत नाही. नारळीकरांच्या बाजूने एक मुद्दा खरा उरतो: ४१ किलोमीटरपर्यंत माती जाते कशी? वादळं सहसा तेवढ्या उंचीवर नेत नाहीत. मोठे ज्वालामुखी नेऊ शकतात, पण ते काही रोज होत नाहीत. हा प्रश्न मात्र वातावरणशास्त्राचा झाला.

डंक्याचं म्हणाल तर नासाचा वाजला होता. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये सापडलेल्या मंगळाच्या उल्केत जिवाणूंसारख्या आकृत्या दिसल्या म्हणून ऑगस्ट १९९६ मध्ये खुद्द क्लिंटन बोलायला उभे राहिले. पुढे एकेका आकृतीला निर्जीव कारण मिळत गेलं. चाळणी तीच लागली.

शंकासुर

जस्ताचं माहीत नव्हतं. ठीक आहे. पण पुढचा फुगा सोडायला काय हरकत होती, हे कायम.

काळी_माती

त्याला माझंही अनुमोदन. आणि ह्या वेळी जाती मोजण्यापेक्षा समस्थानिकांचं प्रमाण तपासावं. कार्बन, नायट्रोजन ह्यांच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण पृथ्वीवरच्या जिवाणूंत ठरावीक पट्ट्यात असतं. ते फारच वेगळं निघालं तर बोलायला जागा आहे.

परदेशी_पावणा

अलीकडचं उदाहरण राहिलं. के२-१८बी, १२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह, त्रिज्या पृथ्वीच्या अडीचपटीहून थोडी जास्त. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन (बनारसच्या आयआयटीचे) आणि त्यांच्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की वेब ह्या अवकाशातल्या दुर्बिणीला तिथल्या हवेत डायमिथाइल सल्फाइडची चिन्हं दिसतात. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म वनस्पतीजीव सोडतात. बातम्यांत लगेच समुद्र, लाटा, सगळं.

आता चाळणी लावा. खात्री तीन सिग्मा (हे खात्रीचं माप, आकडा मोठा तितकी योगायोगाची शक्यता कमी), नवीन शोध म्हणायला प्रथा पाच सिग्माची. दुसऱ्या गटांनी तीच निरीक्षणं वेगळ्या पद्धतीने तपासली तर खूण आहे असं ठामपणे म्हणता येईना. आणि हाच वायू ६७पी धूमकेतूवरही सापडलाय, जिथे मासे-शेवाळ काही नाही. म्हणजे वायू असला तरी सजीव असेलच असं नाही. घरमालकाला कधीच न भेटता, नुसत्या खिडकीच्या पडद्यावरून घरात माणसं आहेत का हे सांगायचं काम आहे हे.

एक मात्र म्हणेन, मधुसूदन ह्यांनी स्वतः 'जीवन सापडलं' असं म्हटलं नव्हतं. मथळेवाल्यांनी म्हटलं.

डोंगरवाट

उलटा विचार करून बघा. समजा त्यांच्याकडे आपल्यासारखी दुर्बीण आहे आणि ते पृथ्वीकडे बघतायत. पृथ्वीवर जीव निदान ३५० कोटी वर्षांपासून आहेत. हवेत ऑक्सिजन साठायला लागला साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि तोही बराच काळ आजच्या मानाने किरकोळ. म्हणजे शंभर कोटी वर्षं इथे सजीव नांदत होते आणि लांबून बघणाऱ्याला ऑक्सिजनची खूण मिळाली नसती. प्राणी आले गेल्या साठेक कोटी वर्षांत. रेडिओ तर कालपरवाचा, शंभर-सव्वाशे वर्षं. पृथ्वीच्या आयुष्यातला कुठलाही एक दिवस चिठ्ठी टाकून निवडला तर बहुधा असा निघेल की जीव आहेत आणि बाहेरच्याला पत्ता नाही. आता हे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या, सहा हजारांच्या वर गेलेल्या बाह्यग्रहांना लावा. @घाटावरचा, तुमचं कोडं हुशार प्राण्यांचं आहे. शेवाळ कुठल्या यानात बसून येणार?

सूरसंगत

मला विज्ञानातलं फार कळत नाही, पण आपण काय पाठवलंय ते सांगते. सूर्यमालेबाहेर निघालेल्या व्हॉयेजर यानांवर परग्रहवासीयांसाठी जी ध्वनिमुद्रिका, म्हणजे तबकडी पाठवलीय, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांमध्ये आपली मराठीही आहे. @शेवटचा_बाक, तुम्हाला तबकडी हवी होती ना? ही घ्या.

शेवटचा_बाक

_/\_ आणि ती पोचणार कधी?

पाणवठा

सेकंदाला १७ किलोमीटर वेग आहे, तरी प्रकाशाला एक दिवस लागतो तेवढं अंतर कापायला यानाला जवळपास पन्नास वर्षं लागली. ग्लीझ ४४५ नावाच्या ताऱ्याच्या दीडेक प्रकाशवर्षं जवळून जाईल, अजून चाळीस हजार वर्षांनी. @घाटावरचा, किनाऱ्यावर यायला वेळ लागतो तो असा.

घाटावरचा

चाळीस हजार म्हणजे एक कोटीत अडीचशे वेळा. मुद्दा माझ्याच बाजूने गेला, धन्यवाद :)

शंकासुर

रेवाताई, तुम्ही सगळ्यांना विचारलंत, आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय दाखवलं म्हणजे पटेल?

रेवा_प

रास्त प्रश्न. नासाच्या पर्सिव्हिअरन्स ह्या फिरत्या गाडीने २०२४ मध्ये मंगळावर चित्त्याच्या अंगासारखे ठिपके असलेला एक खडक खोदला. त्या ठिपक्यांत जी लोहाची खनिजं आहेत, ती पृथ्वीवर बऱ्याचदा सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला, शब्द अगदी तोलून मापून: सजीवाची संभाव्य खूण. नमुना नळीत बंद आहे. तो आणायच्या मोहिमेचं पैशांअभावी भिजत घोंगडं पडलंय. तो प्रयोगशाळेत आला तरी नुसत्या खनिजांवर मी मान्य करणार नाही.

मला हवीत अमिनो आम्लं. ही रेणूंची जात डावी आणि उजवी अशा दोन ठेवणीत असते. निर्जीव रसायनात दोन्ही साधारण सारखी तयार होतात, पृथ्वीवरचे सगळे सजीव आपली प्रथिनं डाव्या ठेवणीची बांधतात. मंगळावर, किंवा गुरूचा चंद्र युरोपा ह्याच्या बर्फाखाली, जर नुसती उजवीच मिळाली, तर ती निर्जीव रसायनातून येणं फार अवघड आणि आपल्या हातातून सांडलेली असणं त्याहून अवघड. दोन्ही पळवाटा एकदम बंद. नासाचं युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. पण ते उतरणार नाही, जवळून जाऊन बघणार. त्यामुळे उजव्या-डाव्याचा निकाल त्यातून लागेल अशी आशा मी धरत नाही.

शंकासुर

आणि मंगळावर डावीच मिळाली तर?

काळी_माती

तर परत जुनंच भांडण. आपल्याच यानातून गेली का, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून वाईट: मंगळ आणि पृथ्वी ह्यांच्यात दगडांची ये-जा आहे. मोठी उल्का आदळली की मंगळाचे तुकडे उडतात आणि फिरत फिरत इथे येतात. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमध्ये शेरघाटीला असाच एक पडला, आणि त्या जातीच्या मंगळी दगडांना जगभर त्याच गावाचं नाव आहे, शेरगोटाइट. अशा दगडांतून जीव इकडून तिकडे गेले असतील, तर मंगळावरचा जिवाणू परका म्हणायचा की चुलत भाऊ?

शेवटचा_बाक

शेरघाटीचा दगड बघायला मिळतो का कुठे? तबकडी नाही तर दगड तरी.

काळी_माती

मोठा तुकडा कोलकात्याला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. जायच्या आधी चौकशी करून जा.